चेंडू सोडून घोट्यावर

विशाखा पडेगावच्या मैदानावर फुटबॉल क्लबच्या मुलींना टॅकल, म्हणजे समोरचीच्या पायातला चेंडू काढून घेणं, शिकवायची. "गुडघे वाकवा, अंग तिरपं ठेवा. समोरचीच्या पायांकडं बघाल तर फसाल. चेंडूवर नजर ठेवा, तिनं तो जरा लांब सोडला की घुसा," हे सांगून सांगून दोन महिन्यांत तिचा घसा बसला होता.

जिल्हा स्पर्धा आठवड्यावर आली आणि क्लबचे मुख्य प्रशिक्षक सर्जेराव स्वतः मैदानात उतरले. एरवी ते सावलीत खुर्ची टाकून बसायचे. रेषेबाहेर तंबाखूची पिंक टाकून ते म्हणाले, "पोरींनो, चेंडू गेला तरी चालंल, पोरगी जाता कामा नये. थेट घोट्यावर जायचं. एकदा दणका बसला की परत फिरकायची नाय तुमच्याकडं."

मुली खिदळल्या. विशाखाला शिसारी आली. पण तिला इथं शिकवायला आणलं होतं ते सर्जेरावांनीच. तिनं मुलींचे दोन संघ पाडले.

सरावाचा सामना सुरू झाला. श्रेया चेंडू घेऊन उजवीकडून सुटली. तनुजा तिरपी धावत आली आणि दोन्ही पाय पुढं फेकून तिनं श्रेयाच्या घोट्यावर झेप घेतली. वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज झाला. श्रेया मातीत लोळत किंचाळत होती, आणि मोबाईलवर व्हिडिओ काढत उभे असलेले सर्जेराव ओरडले, "शाब्बास! ह्याला म्हणतात टॅकल!"

विशाखानंच श्रेयाला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. तेवढ्यात सर्जेरावांचा फोन आला. "बापाला सांगा, खड्ड्यात पाय मुरगळला. लई बोभाटा नको." विशाखानं श्रेयाच्या वडिलांना एवढंच कळवलं, सरावात पाय मोडलाय.

संध्याकाळी क्लबच्या ग्रुपवर व्हिडिओ पडला. श्रेयाची किंकाळी तेवढी कापली होती. खाली पालकांचे अंगठे. कुणी लिहिलं होतं, 'पोरगी वाघीण आहे.' विशाखाला त्या सगळ्यांचीच घाण वाटली. तिनं व्हिडिओ पुन्हा लावला. तनुजा झेपावण्याआधी मागून एक आवाज येत होता, "जा तनुजा, सोडू नको तिला!"

आवाज तिचाच होता. आपण असं ओरडलो हे तिला आठवतही नव्हतं.

सकाळी दवाखान्यात तिनं श्रेयाच्या वडिलांपुढं, साहेबरावांपुढं, मोबाईल धरला. त्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला.

"हा बाईमाणसाचा आवाज कुणाचा?"

"माझा."

त्यांनी मोबाईल तिच्या हातात परत ठेवला. "तुमच्या भरवशावर पाठवत होतो व्हय पोरीला," एवढंच बोलून ते आत निघून गेले.

त्यांनी जिल्हा संघटनेकडं तक्रार केली. विशाखानं स्वतःच्या नावासकट सगळं लिहून दिलं. सर्जेरावांवर दोन वर्षांची बंदी आली, संघ स्पर्धेतून बाद झाला. पालकांनी विशाखालाच घरभेदी ठरवलं. श्रेया बरी झाली, पण साहेबरावांनी तिला परत त्या मैदानावर पाठवलं नाही.

चार महिन्यांनी तनुजा मैदानावर विशाखाकडं एकटीच आली. "मॅडम, सरांनी सांगितलं तेच केलं ना मी?"

"व्हय. आणि मी आडवी आले नाय," विशाखा म्हणाली. "बूट काढ. आता चालत चालत, अनवाणी पायानं शिकायचं. दुसरीला लागलं की आपल्यालाबी कळतं."

तनुजा खाली बसून नाड्या सोडू लागली.