मोजणाऱ्या रुळाला टांगलेला नारळ

२००६ची खंडेनवमी. जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या आमच्या प्रयोगशाळेत पंधरा मराठी माणसं दाटीवाटीनं उभी, आणि सगळ्यांचे डोळे प्लॅस्टिकच्या एका रोलवर! पातळ फिल्म गुंडाळणारं हे यंत्र चंद्रशेखरच्या पीएचडीचं. महिनाभर दर दहा मिनिटांनी फिल्म फाटत होती. मंडळींनी पूजेला बोलावलेल्या दत्ताबाबांनी लाल फडक्यातला नारळ यंत्राला टांगला, डोळे मिटले, आणि तासभर फिल्म फाटलीच नाही!

"यंत्राची पीडा नारळानं ओढली," बाबा म्हणाले. "हीच पीडा माणसाच्या अंगात गाठ होऊन बसते."

उदबत्ती मात्र लावली नव्हती. फायर अलार्मपुढे बाबांचंही काही चालत नाही.

चंद्रशेखरची बायको मीनल रडायलाच लागली. तिच्या छातीत गाठ होती, गुरुवारी ऑपरेशनचा टर्मिन, म्हणजे डॉक्टरांनी दिलेली वेळ, होता. "सुमेधा, मी टर्मिन रद्द करते," ती मला म्हणाली.

बाकीचे प्रसादाला गेले. या दोघांना मी थांबवून ठेवलं. फिल्म एका रुळावरून जाते आणि ताणाप्रमाणे त्याला खाली दाबते; तो दाब मोजून यंत्र मोटर घट्ट-सैल करतं. नारळ नेमका त्याच रुळाच्या आधाराला होता. मी फिल्म काढली, तरी पडद्यावर सहा न्यूटन ताण! नारळ काढला. शून्य.

"बघ, नारळाचं वजन यंत्राला ताण वाटलं, म्हणून त्यानं फिल्म सैल सोडली. तू ताण जास्त ठेवत होतास, एवढंच!" मी रोलला बोट लावलं. सैल गुंडाळलेला रोल मधले थर घसरून विस्कटला. वाया गेला.

"आल्झो... म्हणजे, पण नारळ तिथेच टांगायचा, हे बाबांना कसं कळलं?" चंद्रशेखरनं विचारलं.

"अरे, हूक तेवढा एकच आहे!"

त्यानं हूक हलवून पाहिला आणि मान डोलावली. मीनल मात्र म्हणाली, "बाबांचा अंगारा लावतेय तेव्हापासून गाठ हाताला लहान लागतेय."

"हाताला? अगं बाई, डॉक्टरांकडे मोजायला मशीन आहे!"

"मशीन फसतं, हे तूच आत्ता दाखवलंस ना?"

गुरुवारी तिनं टर्मिन रद्द केला. चंद्रशेखरनं अडवलं नाही. फेब्रुवारीत डॉक्टरांनी पुन्हा मोजलं, तेव्हा गाठ इतकी पसरली होती की ऑपरेशनचा काही उपयोग उरला नव्हता.

हात जोडून सांगते, चमत्कार दिसला की आधी त्याला काय टांगलंय ते काढून बघा. आणि डॉक्टरांचा टर्मिन रद्द करू नका.