व्हिंकोचे दगड

बिटर वेलच्या विमानतळाला विमानतळ म्हणणं म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याला बंगला म्हणण्यासारखं होतं. पत्र्याची शेड, एक कुरकुरणारा पंखा, एक वजनकाटा, आणि तिकिटं बघणारा, विमानात इंधन भरणारा, आग लागली तर विझवायला धावणाराही एकटा डेस्मंड. मिलकाला या शेडची किळस यायची आणि तिच्यात घाम पुसत बसलेल्या माणसांची त्याहून जास्त. आयुष्यभर ओपल नावाच्या रंगीत रत्नामागे लागून वाळवंटात बिळं खणायची, आणि वर स्वतःला खाणमालक म्हणवून मिरवायचं!

त्यातलाच एक तिचा थोरला भाऊ व्हिंको. परवा तो ॲडलेडच्या इस्पितळात वारला. उद्या सकाळी त्याला तिथेच मातीत ठेवायचं होतं. रस्ता गेल्या आठवड्यातल्या पुराने तुटलेला आणि आजचं विमान चुकलं तर पुढचं थेट तीन दिवसांनी. शेवटच्या फोनवर त्या मूर्खाने एवढंच मागितलं होतं, "माझे दगड आण गं, पेटीत ठेव माझ्या." म्हणून सकाळभर त्याच्या खोपटात उकिरडा उपसून, दगडांची पिशवी फरफटत, ती सगळ्यांच्या शेवटी पोचली होती.

"व्हिंकोचं वाईट झालं," बार्नी म्हणाला. तोंडातलं सँडविच मात्र थांबलं नाही. "त्याच्या खाणीचं काय आता?"

"तुला हवी? मेलेल्याची खाण, चार खुंट्या ठोकल्या की तुझी. तीस वर्षं त्याने धूळ खाल्ली, आता तू खा."

"ते बीळ? फुकट दिलंस तरी नको, बाई!"

सगळे खो खो हसले. सगळ्यात मोठ्याने स्टाव्रोस हसला. हा ओपलचा व्यापारी. दगड जिभेने ओला करून रंग बघायचा आणि गरिबाला निम्मा भाव द्यायचा, हा याचा धंदा. त्याची जीभ दिसली की मिलका तोंड फिरवायची.

एवढ्यात डेस्मंडने काट्यावर थाप मारली. "आज माणसंही काट्यावर चढणार. ऊन असं पेटलंय की विमान जादा वजन उचलणार नाही. गेल्या खेपेला कुंपण घासता घासता वाचलं. तुम्ही सांगता ती वजनं तुमच्या लग्नातली आहेत."

एकेक जण चढला. स्टाव्रोसने ऐंशी किलो सांगितले होते. काट्याने त्याची सगळ्यांदेखत लाज काढली. बाकीच्यांचे खिसे, बूट, कोटांची अस्तरं, सगळं खडखडत होतं. शेवटी दोन माणसांइतकं वजन जास्त भरलं.

"खिसे रिकामे करा," डेस्मंड म्हणाला.

कुणी हललं नाही. बिटर वेलमध्ये बायकोशी खोटं बोललेलं चालतं, पण आपल्याला काय सापडलं ते चारचौघांत दाखवायचं नाही. एकदा दाखवलं की रात्रीतून लोक तुमच्या खाणीत उतरलेच. खरंच काही सापडलेला माणूस 'छे, नुसते दगड' म्हणतो. रंगाच्या गप्पा मारतो तो कफल्लक.

"मग शेवटी आलेले दोघं मागे. मिलका, बार्नी, उतरा यादीतून."

"उद्या भावाला पुरायचंय, डेस्मंड!" मिलका ओरडली. "हे रेडे खिशातले खडे सोडत नाहीत, आणि मी थांबू?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"पिशवी तरी हलकी कर. काय आहे एवढं?"

"काही नाही. नुसते दगड आहेत. व्हिंकोचे."

ती खरं तेच बोलली होती. पण बार्नीचा घास तोंडातच राहिला. स्टाव्रोसची जीभ ओठांवरून फिरली.

मिलकाने चेन उघडायला हात घातला होता. तिने त्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. दुसऱ्या हातातली कपड्यांची बॅग तिने डेस्मंडपुढे आपटली. "ही ठेव इथे. हवं तर उद्या फाटक्या झग्यात उभी राहीन. पण ही पिशवी मी सोडणार नाही."

"अरेच्चा," स्टाव्रोस उठला, "मी गॅस चालूच ठेवून आलो वाटतं."

"माझं कुत्रं बांधायचं राहिलं," बार्नी म्हणाला. त्याच्याकडे कुत्रं नव्हतंच.

तिसऱ्याच्या पोटात कळ आली. उरलेल्यांनी तर कारण शोधायचीही तसदी घेतली नाही. बाहेर गाड्या धडाधड सुरू झाल्या. प्रवाशांपैकी मिलका एकटीच राहिली.

"वजन बसलं," डेस्मंड म्हणाला. कपड्यांची बॅगही त्याने घाईघाईने विमानात टाकली. विमान हललं तेव्हा तो शेडीला कुलूप लावून फावडं गाडीत टाकत होता.

वरून मिलकाला सगळं दिसलं. धुळीचे लोट एकाच दिशेने धावत होते, व्हिंकोच्या बिळाकडे. तिथे आता खुंट्यांवरून डोकी फुटणार होती. ती एकटीच मोठमोठ्याने हसली. पायलटने दचकून मागे पाहिलं.

"बघतोयस ना रे म्हाताऱ्या," ती पिशवीला म्हणाली. "तीस वर्षांत कुणी तुझ्या दारात थुंकायला आलं नाही. आज काय गर्दी आहे बघ!"

मग तिला रडू आलं आणि त्या रडण्याचा भयंकर राग आला. तिने चेन उघडली, एक दगड काढला. पायलट समोर बघतोय याची खात्री करून घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा दगडाला जीभ लावून तो उजेडात धरला.

पांढराफटक होता. तिने दुसरा काढला.