पुडीतली गोळी

“वहिनी, आज ती गोळी आधी नको हं. दवाखान्यात तपासणीचं रक्त दिलं की मी देईन दादाला,” दारातच नणंद म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

मला शिकवायला निघाली होती. वर्षभरात माझी एक वेळ चुकली नव्हती. शिलाईच्या कारखान्यात काजं करतानाही माझा एक डोळा घड्याळावर असायचा. माझे यजमान वजनकाटे दुरुस्त करतात. त्यांना रोज सकाळी आठ गोळ्या लागायच्या, पण त्यातली कुठली कशाची हे त्यांना कधीच कळलं नाही. मी देणार आणि ते गिळणार.

यांना बसवलेलं मूत्रपिंड मात्र तिचं. माझा रक्तगट जुळला नाही, तिचं सगळंच जुळलं. तेव्हापासून येणारा प्रत्येक पाहुणा आधी तिचे गोडवे गायचा आणि मग मला चहा टाकायला सांगायचा. माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू? डॉक्टर एकदा म्हणाले होते, कितीही जुळलं तरी शरीर त्या मूत्रपिंडाला परकंच समजतं, त्याच्यावर तुटून पडायला बघतं. ही एक गोळी शरीराला आवरून धरते. त्या दिवशी मी घरी येऊन चक्क गुणगुणत भांडी घासली होती.

आणि आता तीच गोळी तिच्या हातून जाणार होती. मला ते बघवलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन ती मी यांना बाकीच्या गोळ्यांबरोबर देऊन टाकली, आणि नणंदेसाठी बांधलेल्या पुडीत कॅल्शियमची ठेवली. दोन तास आधी घेतली तर असं काय आभाळ कोसळणार होतं?

गोळी नुकतीच पोटात गेलेली, त्यामुळे रक्तात औषध जास्त निघालं. डॉक्टरांनी ती गोळी निम्मी केली. मला खटकलं, पण बोलणार कुठल्या तोंडाने? मीही निम्मी देत राहिले. महिन्याभरात यांचे पाय सुजले, लघवी कमी झाली. मूत्रपिंडाचा बारीकसा तुकडा काढून तपासला, तेव्हा शरीराने त्याच्यावर हल्ला चढवल्याचं कळलं.

दवाखान्याच्या बाकावर नणंद माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. “माझंच मूत्रपिंड कमी पडलं गं वहिनी.”

हे ऐकून मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं.

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. औषध अंगात पुरेसं असताना हे झालं की औषधच कमी पडलं, त्यावर पुढचे उपचार ठरणार होते. त्या दिवशी गोळी रक्त दिल्यानंतरच घेतली होती ना, असं त्यांनी विचारलं.

“हो, मीच दिली,” नणंद डोळे पुसत म्हणाली. “वहिनीने पुडी बांधून दिली होती. तिचं कधी चुकत नाही.”

डॉक्टर लिहायला लागले.

“लिहू नका,” मी म्हणाले. “पुडीत कॅल्शियमची होती. खरी मी घरीच देऊन पाठवलं होतं त्यांना. आधीच.”

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने आत गेले. नणंदेचा हात कमरेवर, टाक्यांच्या जागी गेला आणि तिथेच राहिला.