आबाजींची पांढरी पूड

आबाजींच्या डाव्या अंगठ्यावरची जखम चार महिने झाले तरी भरेना. वीस पावलं चालले की पोटरी अशी धरायची, की बांधावर बसावंच लागायचं. पिंपरीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात. बिडी सोडा, नाहीतर एक दिवस पाय सोडावा लागेल."

एक्क्याऐंशी सालची दिवाळी नुकती झाली होती. निघोज्यातल्या त्या घरात पद्मा ही एकटीच कॉलेज शिकलेली सून. सासू नव्हती, नवरा जयसिंग कंपनीत शिफ्टला, त्यामुळे सासऱ्याचा पाय आणि दोन वर्षांची बबी, दोन्ही काळज्या तिच्याच गळ्यात. बबीचा ताप, दात, शी-शू, सगळं ती वहीत टिपून ठेवी. जयसिंग म्हणायचा, "तुला आमच्या इन्स्पेक्शन खात्यातच घ्यायला पाहिजे!"

एका मासिकात तिला लेख सापडला. आहारात पुरेसं जस्त असलं की जखमा लवकर भरतात, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर धड राहतं. तिने तो आबाजींना मोठ्याने वाचून दाखवला.

"जस्त? बादलीला चढवत्यात त्ये?"

"तेच, मामंजी. पण अन्नातलं, कणभर. तीळ, शेंगदाणे, हरभरे, मोडाची मटकी. न चुकता खायचं."

"कणभरानं काय व्हतंय गं?" आबाजी हसले. "कांद्याला सुदिक त्येचं खत मूठभर टाकाया लागतंय."

पद्माही हसली. तिळाची चटणी रोजची झाली, बिडी सुटली, आणि खरंच, महिनाभरात जखमेच्या कडा सुकायला लागल्या. पद्माला आभाळ ठेंगणं झालं. पण पुढच्या दोन महिन्यांत आबाजी मात्र पांढरेफटक दिसू लागले. दोन पायऱ्या चढले की धापा टाकायचे. बबीलाही अधूनमधून दुपारच्या उलट्या व्हायच्या. पद्मा वहीत लिहायची, 'दात येत असावेत.'

एका दुपारी भाकरी घेऊन ती मळ्यात गेली. बबी सकाळपासून आजोबांबरोबरच होती. छपराच्या दाराशी पद्मा थबकली. कोपऱ्यात खताचं पोतं उघडं होतं. आबाजींनी त्यातली चमचाभर पांढरी पूड ताकाच्या पेल्यात घातली, बोटाने ढवळली आणि गटागट पिऊन टाकली. मग तेच ओलं बोट बबीच्या तोंडात. पोरीने तोंड वाकडं केलं, तरी चाटलं.

पद्माच्या हातातली भाकरी खाली पडली.

"मामंजी! काय देताय तिला?"

"आगं, जस्त! खताच्या सोसायटीतल्या मानसाला इचारून घेतलंय, त्येच हाय म्हनला. तुझ्या तिळात कितीसं असनार? ह्ये निव्वळ हाय."

"खत आहे ते! कधीपासून?"

"तीन म्हैनं झालं आसतील. पोरीला निस्तं बोट चाटवतो. तिच्या बी शिरा घट व्हऊंदेत की."

पद्माने बबीला उचललं, पदराने तिची जीभ पुसली, पुन्हा पुसली. पोर रडायला लागली. दुपारच्या उलट्या, मळ्यातले दिवस, सगळं तिच्या डोळ्यांपुढून भराभर गेलं. इतके दिवस ती दातच मोजत बसली होती.

शेजारच्या ज्योतीरामच्या टेंपोतून ती दोघांना पिंपरीला घेऊन गेली. डॉक्टरांनी बबीचं पोट दाबून पाहिलं, रक्त तपासलं. तासाभराने बाहेर येऊन म्हणाले, "मुलगी वाचली. उलट्यांनीच वाचवलं तिला. आजोबांचं रक्त मात्र निम्म्यावर आलंय. जस्त फार झालं की शरीरातलं तांबं घटतं. मग रक्तही धड बनत नाही आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीही कमकुवत होतात. ज्याच्यासाठी घेतलं, त्यालाच मार बसला. त्यात शेतातलं खत, आणखी काय काय असेल त्यात! हे खायला सांगितलं कुणी?"

"मी," पद्मा म्हणाली. "म्हणजे… मी वाचून दाखवलं."

जयसिंग कंपनीच्या कपड्यातच धावत आला होता. त्याने बबीला पद्माच्या खांद्यावरून स्वतःकडे घेतलं. ते तिला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

आबाजी खाटेवर आडवे होते. पद्माला पाहून त्यांनी हळूच चादर सरकवली आणि अंगठा दाखवला. जखमेवर गुलाबी कातडं धरलं होतं.

"बग की, भरली का न्हाई?"

तिळाने, बिडी सुटल्याने, की त्या विषाने? पद्माला सांगता येईना.

"पूड बंद, मामंजी. अगदी बंद."

"बरं." आबाजींनी इकडेतिकडे पाहिलं. नर्स लांब होती. त्यांनी कोपरीच्या खिशातून कागदाची एक पुडी काढली आणि आवाज खाली आणला. "मग ही निस्ती आजच्यापुरती घिऊ? सांजची ऱ्हायलीया. तूच म्हनली व्हतीस, न चुकता खायाचं."

पद्माने पुडी हिसकावून घेतली. मग त्यांच्या कोपरीचा दुसरा खिसाही चाचपून पाहिला.