सात नंबरचा कास

मॅडम यायच्या आधी सोमाजी शिपाई कुंड्यांवरचे नंबर चुन्यानं उजळत होता. सातव्या कुंडीशी आला तशी जमीलानं त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला.

"हे राहू दे. मी करीन."

"काऊन? सात नंबर तुह्या माहेरचा हाये का?"

जमीलानं सात काढला, अगदी फिकट, आणि ब्रश परत दिला.

मूल गावातल्या त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या खोलीमागे बावीस कुंड्या होत्या आणि बावीसही कुंड्यांत कास होता. आल्यागेल्याला ते गवत दिसे, आणि ते गवतच होतं. ऊसही गवतच, हा त्याचा रानात राहिलेला भाऊबंद. पेन्सिलीएवढं कांड, चावलं तर आधी तोंड कोरडं पडतं आणि अगदी शेवटी, उपकार केल्यासारखी, जराशी गोडी लागते. शेतकरी त्याला मुळासकट उपटतो. पण उसावर रोग आला, पाणी कमी पडलं, की शिकलेली माणसं याच्याच दारी येतात आणि उसाशी याचा संकर करतात. वनस्पतिशास्त्र शिकवणारे गुणवंतराव सर असं सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

चौऱ्याण्णव साली सरांनी नद्यानाल्यांच्या पात्रांतून बावीस ठिकाणचा कास आणला. कास गुंडाळलेली ओली गोणपाटं जमीलाच्या डोक्यावर होती. सातवा मार्कंड्याच्या देवळाच्या खालच्या अंगाला, वैनगंगेतल्या वाळूच्या एका बेटावर सापडला. महिनाभर पुराखाली राहून तो हिरवा निघाला होता. सरांनी वहीत तसं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. पुढं सर वारले. बेटावरची वाळू ट्रकांनी गेली. जमीला तेवढी राहिली, अकरा वर्षं, रोजंदारीवर.

आता दक्षिणेतल्या ऊस-पैदास केंद्रातून एक मॅडम बेणं न्यायला येणार होत्या. सगळ्यांचंच, पण मुख्य सातचं. सरांच्या वहीतल्या त्या दोन रेघा त्यांच्यापर्यंत पोचल्या होत्या. प्राचार्यांनी जमीलाला बोलावून सांगितलं होतं, की मॅडमनी दोन चांगले शब्द लिहून दिले तर तुला कायम करायची फाईल हलेल. फाईल पाच वर्षं एकाच कपाटात होती. तिला हलायला काहीतरी निमित्त हवंच होतं.

आणि सातच्या कुंडीत सात नव्हता.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात बोअर आटली. बादलीभर पाण्यात बावीस कुंड्या जगवायच्या होत्या. जमीलानं मग या धानपट्ट्यातली कुठलीही बाई करेल तेच केलं. रोवणीआधी धानाची रोपं, म्हणजे पऱ्हे, जशी शेताच्या एकाच बांधीत दाटीनं वाढवतात, एका पाण्यावर, तशा तिनं सगळ्या कुंड्या एका चरात अंगाला अंग लावून ठेवल्या. पण धान जमिनीखालून चालत नाही. कास चालतो. कुंडीच्या बुडाच्या भोकातून त्याची मुळं निघाली आणि शेजाऱ्याच्या घरात शिरली. पावसाळ्यात तिनं कुंड्या अलग केल्या तेव्हा वाळलेल्या सातला नवे कोंब आले होते. दोन महिने ती खुशीत होती. मग तुरा आला, आणि तिला कळलं, हे कोंब सातचे नव्हेत.

तिनं कुणाला सांगितलं नाही. फक्त नवऱ्याला, सादिकला, तेही आज सकाळी चहा पिताना. सायकलीच्या ट्यूबला ठिगळ लावत तो म्हणाला, गवत गवतासारखंच असतं, कोण बघायला बसलंय. त्याचं बरोबर होतं. त्यानं तिचे पायही पाहिले होते, रोज संध्याकाळी सुजलेले.

मॅडम साध्या निघाल्या. चपला काढून चिखलात बसल्या, एकेक कांड स्वतः कापून ओल्या कागदात गुंडाळत गेल्या. मध्येच म्हणाल्या, की इतकं नीट राखलेलं फार कमी ठिकाणी पाहायला मिळतं. प्राचार्यांनी जमीलाकडे असं पाहिलं, जणू तिला त्यांनीच वाढवलं होतं.

सातसाठी मॅडमनी वेगळी पिशवी आणली होती. त्यांनी कुंडी पुढं ओढली, विळा उचलला.

"मॅडम, ते सात नाई."

प्राचार्य म्हणाले, "जमीलाबाई, नंबर आहे ना त्याच्यावर?"

"नंबर मीच लिवला, सर."

मग तिनं सांगितलं. आटलेली बोअर, चर, बुडाची भोकं. मॅडम ऐकत राहिल्या. कशावरून म्हणता, एवढंच त्यांनी विचारलं.

"अकराचा तुरा पोळ्याले येते. सातचा दसऱ्याले येत होता. आता या कुंडीत तीन सालापासून पोळ्यालेच येऊन राह्यला. हा अकरा होय."

"तुम्ही बोलला नसता तर मला कळलं नसतं."

"म्हणून तं बोलली, मॅडम. तुमी याले नेऊन पाण्यात बुडवून ठेवान. हा मरन. मंग तुमी म्हणान, गुणवंतराव सरानं वहीत खोटं लिवलं."

प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं, सोमाजीला जीपवाल्याच्या चहाचं सांगितलं आणि ते ऑफिसकडे निघून गेले. मॅडमनी लिहून द्यायच्या पत्राचा विषय निघाला नाही. जमीलाला तो निघेल असं वाटलंही नव्हतं. तिला फक्त बसावंसं वाटत होतं.

ती हौदाच्या काठावर बसली. थोड्या वेळानं मॅडम येऊन शेजारी बसल्या आणि त्यांनी वही उघडली.

"सात कसा होता, सांगा. आठवेल तेवढं."

जमीलानं सांगितलं. पान हाताला जास्त कापायचं. पेऱ्यावर बारीक लव असायची, उलटं बोट फिरवलं की लागायची. कोंब फुटतो तो डोळा चपटा. कांड वाकवलं तर मोडत नसे, नुसतं फाटायचं. आणि तुरा निघताना पांढरा नसायचा. मॅडम लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी सगळं एकदा वाचून दाखवलं, शेवटी 'तुरा जांभळा'.

"जांभळा नाई," जमीला म्हणाली. "मोहफूल दोन रोज वाळू घातलं का जसं होते, तसा."

मॅडमनी 'जांभळा' खोडलं.