हाव्रिलोची रिकामी कबर

ईस्टरनंतरच्या रविवारी सगळं गाव कबरस्तानात जेवायला जातं. मेलेल्यांना वर्षभराच्या बातम्या सांगायच्या, त्यांच्या वाटणीची दारू, होरिल्का, मातीत ओतायची आणि उरलेली आपण प्यायची. मातीच्या वाट्याला थेंबभरच येते, पण मेलेल्यांनी आजवर तक्रार केलेली नाही.

युस्तिना म्हातारी भावाच्या कबरीपाशी साठ वर्षं हेच करत आली होती. हाव्रिलोला महायुद्धात जर्मनांनी कामाला धरून नेलं आणि तिकडेच बॉम्बहल्ल्यात तो गेल्याची खबर आली. देह काही आला नाही, म्हणून आई-वडिलांशेजारी नुसत्या मातीवर दगड बसवला. युद्धानंतर सगळ्या घराला सैबेरियाला नेलं तिथली उपासमार, नवऱ्याची मारझोड, पहिली मुलगी दगावली तेव्हाचं, पाद्र्यापासूनही लपवलेलं सगळं तिनं या दगडाला सांगितलं होतं. भाऊ असावा तर असा, मध्ये एकदाही बोलला नाही.

यंदा सोबत कॅनडाची पाहुणी होती, ओरिसिया. घराण्याची मुळं शोधत आलेली ही कुणी लांबची नात आहे, एवढंच जावई झेनिक म्हणाला होता. पोरगी बोलायची थेट युस्तिनाच्या आजीसारखी, गावानं कधीच टाकून दिलेल्या शब्दांत. कालपासून तिच्याजवळ एक पत्र्याचा डबा होता. रात्री तेवढा तो स्वयंपाकघरात साखरेशेजारी ठेवला होता. कॉफीच असणार, आणि पोरीच्या हातून सुटत नाही म्हणजे चिक्कू आहे, असं युस्तिनानं ठरवून टाकलं होतं.

दगडावरचं नाव वाचून ओरिसियाला रडू फुटलं.

"आजी, हेच माझे आजोबा."

"कोण?"

"हाव्रिलो. बॉम्बहल्ल्यातून वाचले होते, गेल्या हिवाळ्यात कॅनडात वारले. आपल्या गावच्या मातीत पुरा म्हणाले होते, म्हणून मी त्यांची राख घेऊन आलेय. झेनिककाकांनी सांगितलं नाही?"

झेनिक एकाएकी अंडं सोलण्यात गढून गेला.

"सांगणारच होतो, आई. म्हटलं, आधी जेवणं उरकू द्या."

युस्तिनानं डब्याकडे पाहिलं. मग त्याला साखरेशेजारी ठेवलेलं आठवून तिनं छातीवर क्रुसाची खूण केली. लगेच ती कडाडली.

"गेल्या हिवाळ्यात? म्हणजे मी इथं घसा सुकवत होते आणि हा तिकडे धडधाकट? मग माझं ऐकत कोण होतं?"

झेनिकनं दुसरं अंडं सोलायला घेतलं.

"त्यांना वाटायचं, तुम्हीच नाही राहिलात," ओरिसिया म्हणाली. "कुणीतरी सांगितलं होतं, सैबेरियाला नेलेलं सगळं घर तिथंच संपलं. नाताळच्या आदल्या रात्री ते दरवर्षी तुमच्या नावाचं ताट मांडायचे."

"आणि ते खायचं कोण?"

"आजोबाच."

"बघा! साठ वर्षं माझ्या वाटणीचं हादडलं मेल्यानं!"

झेनिकला हसू आलं. सासूची नजर पडताच त्यानं ते अंड्याबरोबर गिळलं.

"मग आई, खणू की नको?"

"नको. माझा हाव्रिलो वेगळा. त्याला माझं सगळं ठाऊक होतं. हा कोण कुठला?"

ओरिसिया डबा पोटाशी धरून उभी राहिली. युस्तिनाला तिचा हेवा वाटला. या पोरीला तो खोकताना, घोरताना, चिडताना मिळाला होता. आपल्याला नुसता दगड.

"आण इकडे," ती म्हणाली.

डबा वजनाला लोण्याच्या बरणीएवढा भरला. याच भावानं तिला खांद्यावर बसवून जत्रेला नेलं होतं. तिनं तो बराच वेळ छातीशी धरला.

"खण रे झेनिक. आईच्या बाजूला. आणि खोल खण, नेहमीसारखी कामचुकारी नको."

माती लोटून झाल्यावर तिनं ग्लास काठोकाठ भरला आणि सगळाच्या सगळा ओतला. झेनिकचा जीव कळवळला. मग ती गवतावर बसली, डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा घट्ट बांधला आणि ज्या दिवशी त्याला धरून नेलं, त्या दिवसापासून सांगायला लागली.

"आई, जेवण गार होतंय," झेनिक हळूच म्हणाला.

"होऊ दे. याला अजून काहीच माहीत नाही."