खडकात अडकलेलं जाळं

मधुरिमाचा नवरा सुशांत जाऊन आठ महिने झाले तरी ती रडली नव्हती. इंदूरच्या अन्नपूर्णा भागातल्या त्यांच्या गल्लीत याची जरा जास्तच चर्चा झाली. दुसऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी बघायची लोकांना भारी हौस. ती मात्र नोकरीला जायची, कुकर लावायची, ओला-सुका कचरा वेगळा करून गाडीत टाकायची. आत काहीच हलत नव्हतं. आपण अशाच राहणार की काय, याची कधीकधी तिला भीती वाटायची, पण तीही धड वाटायची नाही.

इंदूरच्या माणसाला समुद्राचं खूळ लागावं, हेच मुळात नवल. सुशांतला लागलं. कोकणातल्या एका गावात चार वर्षं तो कोळ्यांच्या मागे लागला होता. फाटकी जाळी समुद्रात सोडू नका, खडकात अडकलं तर येऊन सांगा, आपण काढू; कासवं त्यात गुरफटून मरतात. गावाने सभेत माना डोलावल्या आणि दर्यावर गेल्यावर ज्याने त्याने आपलं तेच केलं. शेवटी असंच एक जाळं काढायला सुशांतने बुडी मारली आणि तोच त्यात अडकला.

आता त्या गावची माणसं इंदूरचा कचऱ्याचा कारभार बघायला आली होती. त्यांतला लक्ष्मण, पन्नाशीचा कोळी, पत्ता विचारत एकटाच तिच्या दारात उभा राहिला.

"बसा ना भाऊ, पानी आणते."

"नको वहिनी, आधी सांगू द्या. ते जाळं माझं होतं. अडकलं म्हणून मीच कापून सोडलं. सभेत सगळ्यांत मोठ्याने हो म्हणणारा मी, मग कुठल्या तोंडाने सांगणार? साहेबांना वर काढलं, तेव्हा पायाशी लाल दोऱ्याची गाठ दिसली. जाळं सांधताना माझ्या बायकोने मारलेली. गावाने ओळखली, बोललं कुणीच नाही."

आता राग यायला हवा, हे मधुरिमाला कळत होतं. तो काही आला नाही.

"चाय घेणार?"

"शिव्या घाला वहिनी. त्यासाठीच आलोय."

"नाही येत हो. सच्ची, काहीच नाही येत."

लक्ष्मण ढसाढसा रडला. तिने पाणी दिलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आता कसं चाललंय तिकडे?"

"आता समुद्रात एकही फाटकं जाळं सोडत नाही कोणी. अडकलं की माणूस आधी येऊन सांगतो, मग सगळे मिळून काढतो. यंदा जाळ्यात मेलेलं एकही कासव किनाऱ्याला लागलं नाही."

हे सुशांतला कळतं तर तो खूश झाला असता. तासभर फोनवर तेच तेच सांगितलं असतं. आपण त्यापायी गेलो, हेसुद्धा त्याला किरकोळ वाटलं असतं. बायको मागे राहिली, हेही.

"मूर्ख कुठला," ती म्हणाली.

लक्ष्मणने मान खाली घातली.

"तुम्हाला नाही, भाऊ," ती म्हणाली, आणि मग ती रडायला लागली.